उद्यमनगरातलं मशीन आणि रिकामा सिसलॉग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ऑफिसचं लिनक्स मशीन रात्री-अपरात्री अडकायला लागलं होतं. पॉवर जायची नाही. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी आणि कीबोर्ड दाबून उपयोग नाही. सकाळची पाळी आली की ड्रॉइंगचं शेअर फोल्डर उघडायचं नाही. मग कोणीतरी बटण दाबून धरायचं, मशीन परत चालू करायचं आणि दिवसभर काही तक्रार नसायची. मशीनवर उबंटू २०.०४. काम म्हणजे सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) ड्रॉइंग आणि जॉब कार्डं सगळ्यांना देणं आणि रात्री त्यांचा बॅकअप घेणं. मालक आप्पांचा पहिला संशय लाइटवर होता. रात्रीच्या वॉचमन मामांनी तो लगेच खोडून काढला.

"लाईट कुठं गेल्ती? ट्यूब चालू, पंखा चालू. ह्ये डबडंच तेवढं गप पडल्यालं."

अशा वेळी पहिलं काम लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच्या कामाची लिहून ठेवलेली नोंद, बघायचं. मी टर्मिनल उघडून /व्हार/लॉग मध्ये गेलो आणि फाइलींची यादी दाखवणारं एलएस लावलं. सिसलॉग ही सर्वसाधारण नोंदींची फाइल शून्य बाइटची. लॉगिनच्या नोंदींची ऑथ.लॉग शून्य. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींची कर्न.लॉगसुद्धा शून्य. सिसलॉग.१ नावाची जुनी फाइल होती, तिच्यावर तारीख २०२० ची. म्हणजे हे मशीन रात्री काय करतंय याची इतक्या वर्षांत एक ओळही इथे लिहिली गेलेली नव्हती. मशीन का अडकतंय हा प्रश्न बाजूला ठेवावा लागला. लॉग का लिहिला जात नाही हे आधी सोडवणं भाग होतं.

लॉग रिकामा दिसला की बहुतेक जण डिस्क भरली असेल असं धरून चालतात. तेही तपासलं. डीएफ -एच वर निम्म्याहून जास्त जागा मोकळी, डीएफ -आय वर आयनोडही (प्रत्येक फाइलीमागे एक लागणारी नोंद) भरपूर शिल्लक. आयनोड तपासायचे कारण डिस्कवर जागा दिसत असतानाही बारीक-बारीक फाइलींनी आयनोड संपले, तर नवी फाइल तयार होत नाही आणि तक्रार मात्र जागा नसल्याचीच येते. इथे तसं काही नव्हतं.

मग त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली बघितल्या. सांबाचा लॉग आजचा होता. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या डीपीकेजीचा लॉगही ठीक होता. मला इथे वाट सापडली. सांबा आणि डीपीकेजी आपापल्या फाइली स्वतः लिहितात, मधे कोणाला घेत नाहीत. सिसलॉग, ऑथ आणि कर्न या तीन फाइली लिहिणारा एकच, आरसिसलॉग नावाचा प्रोग्रॅम. फक्त त्याच्याच फाइली कोऱ्या, म्हणजे डिस्क ठीक, फोल्डर ठीक, गडबड आरसिसलॉगच्या वाटेवर.

तो चालू आहे का ते बघायला सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग दिलं. हिरवा ठिपका, ॲक्टिव्ह, रनिंग. ऑफिसातला पोरगा मागे उभा होता, तो म्हणाला, "दादा, ह्ये तर चालू हाय की." चालू होतंच. पण त्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ इतकाच की प्रोसेस जिवंत आहे. तिच्याकडे संदेश पोचतायत का, आणि पोचलेले ती कुठे टाकतेय, हे तो ठिपका सांगत नाही. ते कळायला स्वतः एक संदेश सोडून त्याच्या मागे जायला हवं. त्यासाठी लॉगर नावाची छोटी कमांड आहे. "लॉगर उद्यमनगर चाचणी" असं टाइप केलं आणि शोधायला लागलो.

उबंटूवर हा संदेश कुठून कुठे जातो ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कुठलाही प्रोग्रॅम /डेव्ह/लॉग मध्ये ओळ टाकतो. जुन्या काळी त्या टोकाला सिसलॉगचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, बसलेला असायचा. ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅमच्या कामातून काढली. आता त्या टोकाला सिस्टमडीचा, म्हणजे सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, जर्नलडी बसतो. तो ओळ घेतो, आपल्या बायनरी जर्नलमध्ये ठेवतो आणि एक प्रत सॉकेटवरून आरसिसलॉगकडे सरकवतो. आरसिसलॉग, म्हणजे रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, नियम बघून ती ओळ फाइलीत लिहितो किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवतो. कर्नलचे संदेश मात्र दोघेही आपापल्या वाटेने थेट वाचतात. रेडहॅटच्या वळणाच्या सिस्टिमवर मांडणी थोडी वेगळी असते, तिथे आरसिसलॉग स्वतः जर्नलमधून ओळी उचलतो. पण दोन्हीकडे कामगार दोन आणि लिहिण्याच्या जागाही दोन, हे पक्कं डोक्यात ठेवलं की शोध अर्धा होतो.

जर्नलच्या शेवटच्या पाच ओळी दाखवणारं जर्नलसीटीएल -एन ५ दिलं. "उद्यमनगर चाचणी" समोर उभी. सिसलॉग फाइल अजून शून्यच. म्हणजे जर्नलडीपर्यंत ओळ पोचते आणि त्याच्या पुढे हरवते. आरसिसलॉगचं कॉन्फिगरेशन तपासायला आरसिसलॉगडी -एन१ चालवलं. एकही चूक दाखवली नाही. ही तपासणी व्याकरण बघते, हेतू बघत नाही. फाइलीत "काहीही लिहू नकोस" असं शुद्ध व्याकरणात लिहिलं असेल तर ती मान डोलावणारच.

/ईटीसी/आरसिसलॉग.डी हे फोल्डर उघडलं. तिथल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. ५०-डिफॉल्ट नावाच्या फाइलीत सिसलॉग आणि ऑथ.लॉगचे नेहमीचे नियम असतात. त्याच्या आधी १० आकड्याने सुरू होणारी एक फाइल होती, आणि तिच्यात दोनच ओळी. पहिली ओळ: सगळ्या प्रकारचे, सगळ्या पातळीचे संदेश @ चिन्ह लावून १९२.१६८.१.५० या पत्त्यावर पाठव. दुसरी ओळ: & स्टॉप. म्हणजे पाठवून झालं की तिथेच थांब, पुढचे नियम बघू नकोस. ५०-डिफॉल्टपर्यंत एकही ओळ कधी पोचलीच नव्हती. फाइल रिकामी राहण्याचं कारण समजलं आणि सिसलॉग.१ ची तारीख २०२० वर का थांबली तेही. जुने लॉग ठराविक काळाने बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटच्या नियमात रिकामी फाइल फिरवू नकोस असं सांगितलेलं असतं, त्यामुळे ती कोरी फाइल वर्षानुवर्षं जागेवरच पडून होती.

"आप्पा, १९२.१६८.१.५० हे कुठलं मशीन?"

आप्पांना आकडा कळला नाही, पण पोराने विचारून काढलं. पूर्वी ऑफिस शाहूपुरीत होतं. तिथे सगळ्या मशीनचे लॉग एका जुन्या कॉम्प्युटरवर गोळा करायची व्यवस्था कोणीतरी चांगल्या विचाराने केली होती. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ऑफिसात शिरलं, खालच्या फळीवरचा तो कॉम्प्युटर बुडाला आणि भंगारात गेला. हे मशीन वरच्या टेबलावर होतं म्हणून वाचलं, पुढे उद्यमनगरात आलं आणि नसलेल्या पत्त्यावर लॉग पाठवत राहिलं. एकेरी @ म्हणजे यूडीपी, नेटवर्कवरून संदेश पाठवण्याची एक पद्धत. त्यात पलीकडून पोच येत नाही, त्यामुळे घेणारा उरला नाही हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. ती व्यवस्था करणाऱ्याला मी दोष देणार नाही. लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर असावी हा विचार बरोबरच होता, आणि पुढे तोच कामी आला. फक्त ती & स्टॉपची ओळ तिथे असायला नको होती.

ती ओळ काढून आरसिसलॉग रीस्टार्ट केला, पुन्हा लॉगर चालवला. सिसलॉग फाइलीत ओळ उमटली. ऑथ.लॉगमध्ये माझं सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवलेली कमांड, लगेच दिसलं.

पण कालच्या रात्रीचं काय? आरसिसलॉगच्या वाटेवर काही उरलं नसलं तरी जर्नलडी आपली प्रत ठेवतोच, त्यामुळे मागच्या बूटचा, म्हणजे मशीन याआधी चालू झालं तेव्हाचा, जर्नल मागितला: जर्नलसीटीएल -बी -१. उत्तर आलं की कायमस्वरूपी जर्नल सापडलेलं नाही, बूटचा क्रमांक देऊन उपयोग नाही. --लिस्ट-बूट्स मागितलं तर एकच ओळ, आज सकाळचीच. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डरच गायब होतं.

हे कसं होतं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून नीट सांगतो. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज नावाचं सेटिंग असतं आणि ते मुळात ऑटोवर असतं. ऑटोचा अर्थ असा: /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तर डिस्कवर लिही, नसेल तर /रन/लॉग/जर्नल मध्ये लिही. /रन ही जागा मेमरीत असते, मशीन बंद झालं की पुसली जाते. उबंटू बसवताना ते फोल्डर तयार मिळतं. नंतर कोणी ते उडवलं तर जर्नलडी कुरकुर न करता मेमरीत लिहायला लागतो आणि फोल्डर आपणहून परत तयार करत नाही. आप्पांना आठवलं की मधे एकदा डिस्क फुल झाली होती आणि एकाने येऊन "नको ते" साफ करून दिलं होतं. जर्नलचं फोल्डर त्यातच गेलं असणार.

दोन्ही वाटा अशा वेगवेगळ्या कारणांनी बंद होत्या. त्यातली एक जरी उघडी असती तरी माझं काम पहिल्याच दिवशी झालं असतं.

फोल्डर परत केलं: सुडो एमकेडीआयआर, मग सिस्टमडी-टीएमपीफाइल्सला --क्रिएट आणि --प्रीफिक्स देऊन त्याच्यावर योग्य मालकी आणि परवानग्या बसवल्या, मग जर्नलसीटीएल --फ्लश, जेणेकरून मेमरीत साठलेलं डिस्कवर उतरेल. ही मधली पायरी गाळू नये. नुसत्या एमकेडीआयआरने फोल्डर होतं, पण सिस्टमडी-जर्नल हा ग्रुप त्याला लागत नाही आणि साध्या युजरला नंतर जर्नल वाचता येत नाही. डिस्क परत भरण्याची भीती आप्पांना होतीच. जर्नलडी मुळातच फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढतो. तरी जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज ५०० एमबी लिहून दिलं. जागा हवी असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ वापरायचं, फोल्डर हाताने उडवायचं नाही, हे पोराला करून दाखवलं. त्याने ते त्याच्या वहीत लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी दिसली. माझी चाचणीची ओळ दुपारी साडेतीनची, आणि सिसलॉगमध्ये वेळ सकाळी दहाची. मशीनचा टाइमझोन यूटीसी होता, भारताच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. उबंटू २०.०४ मध्ये सिसलॉगच्या ओळीवर ना वर्ष असतं ना झोन, त्यामुळे मामांनी "एकच्या सुमाराला" म्हटलेलं लॉगमध्ये आदल्या संध्याकाळी साडेसातला सापडलं असतं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांवर अविश्वास दाखवला असता. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता लावलं आणि आरसिसलॉग पुन्हा रीस्टार्ट केला, कारण आधीपासून चालू असलेली सेवा बरेचदा जुनाच झोन धरून बसते.

आता मशीन परत अडकेल त्या रात्रीचा लॉग मिळणार होता. तरी माझं समाधान होत नव्हतं. जर्नलडी साधारण दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्कं लिहितो; क्रिटिकल किंवा त्यावरच्या पातळीची ओळ आली तरच ताबडतोब. अडकण्याआधीची शेवटची पाच मिनिटं, म्हणजे नेमकी हवी ती, जाऊ शकतात. आणि बिघाड डिस्कचाच असेल तर? मग दोन्ही सेवा कितीही निरोगी असोत, त्यांना लिहायला जागाच नसते. म्हणून शाहूपुरीतल्या त्या माणसाची व्यवस्था परत उभी करायची ठरवली, & स्टॉपशिवाय.

अकाउंटच्या ताईंच्या टेबलावर लिनक्स मिंटचं मशीन होतं. "रात्री बंद करू नका एवढंच," असं सांगितल्यावर त्यांनी मॉनिटरवर चिठ्ठीच चिकटवली. त्या मशीनच्या आरसिसलॉगमध्ये यूडीपीवरचे संदेश घेणारं आयएमयूडीपी मॉड्यूल आणि ५१४ पोर्ट उघडला, आणि येणारे संदेश पाठवणाऱ्या मशीनच्या नावाने वेगळ्या फोल्डरात जातील असा नियम लिहिला. त्या फोल्डरची मालकी सिसलॉग युजरला द्यावी लागते. उबंटू-मिंटवर आरसिसलॉग सुरू झाल्यावर रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार सोडून त्या युजरने चालतो. सुडोने केलेल्या फोल्डरात त्याला लिहिता येत नाही आणि जर्नलमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ येते. इकडच्या मशीनवर १० आकड्याच्या त्याच फाइलीत नवा पत्ता टाकला. ती फाइल १० वरच ठेवली, ५० च्या मागे नेली नाही. पाठवण्याचा नियम आधी आणि फाइलीत लिहिण्याचा नंतर असला, की डिस्क अडली तरी ओळ आधी बाहेर पडलेली असते. टीसीपी वापरायला हवं होतं असं कोणी म्हणेल. टीसीपीत @ दोनदा लावतात आणि पोच मिळते हे खरं, पण वेगळी रांग नीट बांधली नाही तर पलीकडचं मशीन बंद असताना इकडचं लॉगिंग तुंबू शकतं. एका खोलीतल्या दोन मशीनसाठी मला यूडीपीच बरं वाटलं.

लॉगर चालवला, ताईंच्या मशीनवर काहीच नाही. नेटवर्कवरचं येणं-जाणं दाखवणारं टीसीपीडम्प लावून बघितलं तर पॅकेट येत होतं. टीसीपीडम्प फायरवॉलच्या अलीकडे ऐकतो, त्यामुळे पॅकेट दिसूनही आरसिसलॉगला मिळत नसेल तर आधी यूएफडब्ल्यू हा फायरवॉल बघायचा. तो चालूच होता. ५१४ यूडीपीला परवानगी दिली आणि ओळ आली.

काही रात्री काहीच झालं नाही. मग एका सकाळी पोराचा फोन, "दादा, पडलं बघा."

गेल्या-गेल्या दोन्ही प्रती शेजारी-शेजारी उघडल्या. इकडच्या मशीनवर जर्नलसीटीएल -बी -१ -ई: शेवटची ओळ रात्री १ वाजून ८ मिनिटांची, बॅकअप सुरू झाल्याची. त्याच्या थोडं आधी एकदा कर्नलची "हार्ड रिसेटिंग लिंक" अशी ओळ येऊन पुन्हा सुरळीत झालेलं. बस, पुढे काही नाही. ताईंच्या मशीनवर मात्र तिथून पुढचं सगळं होतं. १ वाजून १२ मिनिटांनी एटीए१ वर, म्हणजे डिस्कच्या जोडणीवर, लिहिण्याची कमांड फसली, कारणात बॅडसीआरसी, म्हणजे वाटेत डेटा बिघडला. लिंक रिसेट. पुन्हा फसली. कर्नलने साटाचा, म्हणजे त्याच जोडणीचा, वेग ६ वरून ३ जीबीपीएसवर आणला, मग दीडवर. तरीही नाही. मग डिस्कच डिसेबल केली, पाठोपाठ आय/ओ एररची रांग, एक्स्ट४ या फाइलसिस्टिमने आपलं स्वतःचं जर्नल (जर्नलडीचं नव्हे) सोडून दिलं आणि ती रीड-ओन्ली झाली. त्यानंतर डिस्कवर काही लिहिलं जाणं शक्यच नव्हतं. मेमरीतला आरसिसलॉग तेवढा शेवटपर्यंत बाहेर सांगत राहिला होता. त्या ओळी वाचताना मला खरोखर आनंद झाला.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने डिस्कचा तपास केला. रिअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, पण १९९ क्रमांकाचा यूडीएमए सीआरसी एरर काउंट भरपूर वाढलेला. म्हणजे डिस्कची तबकडी चांगली, डिस्क आणि मदरबोर्डमधली वाट खराब. कॅबिनेट उघडलं. साटाची केबल बिनक्लिपची, जुनी, आणि बोटाने हलवली तर सैल. प्रश्न उरला रात्रीचाच. मामांना विचारलं.

"भिंतीपलीकडं पावर प्रेस हाय न्हवं. आर्डर आल्यापास्नं रातीचा बी चालतोय."

कॅबिनेट त्याच भिंतीला टेकवलेलं होतं. हात लावला तर प्रेसचा प्रत्येक ठोका पत्र्यात जाणवत होता. दिवसाही प्रेस चालतो, पण त्या वेळी डिस्कवर फारसं लिहिणं नसतं. रात्री बॅकअप आणि प्रेस एकाच वेळी.

क्लिपवाली नवी केबल लावली, मशीन समोरच्या भिंतीकडे नेलं, खाली रबराची मॅट टाकली. पोराने वहीत १९९ चा आकडा लिहून ठेवला. तो आकडा कधी शून्यावर परत येत नाही, वाढायचा थांबला का एवढंच बघायचं, आणि तो थांबला आहे. पुढच्या बूटला जर्नलडीने एक फाइल नीट बंद झालेली नसल्याने नाव बदलून बाजूला ठेवल्याचं सांगितलं. शेवटी ~ लागलेली ती फाइल वाचता येते, तिला हात लावला नाही.

आप्पा आता ड्रॉइंगसाठी नवं मशीन घेतायत आणि त्यावर डेबियन १२ टाकायचं म्हणतायत. २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत आरसिसलॉग मुळात बसवलेला नसतो, सगळं जर्नलवरच चालतं; /व्हार/लॉग/सिसलॉग शोधायला गेलात तर फाइलच मिळणार नाही. ताईंच्या मशीनवर प्रत जायला हवी असेल तर आरसिसलॉग नव्या मशीनवर वेगळा टाकावा लागेल. तो टाकायचा, १० आकड्याची फाइल न्यायची आणि लॉगर चालवून ओळ दोन्हीकडे आली की मगच ड्रॉइंग हलवायची, असं पोराचं आणि माझं ठरलंय.